दुपारची गळती

पावसाळ्याच्या तोंडी फुलणारा मृग बहार धरायचा तर मे महिन्यात संत्र्याचं पाणी तोडतात. झाडाला ताण बसला की ते फुलतं, ताण जास्त झाला की वाळतं. रामाकोना गावात संत्र्याचा बगिचा असलेली माझी मोठी बहीण हे अंगठ्यानं माती दाबून ओळखायची. मी सौंसरला इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा, मला ते बघवेना. मी तिला मायक्रोकंट्रोलरची डबी करून दिली. मुळाशी ओल मोजायची आणि उरलेला वेळ झोपायचं, एवढंच डबीचं काम. लाल दिवा लागला की पाणी सोड. बॅटरी दोन वर्षं पुरेल, असंही छातीठोकपणे सांगितलं.

याआधी केलेली एक डबी आभाळातल्या विजेनं जळाली होती, म्हणून या डबीत तारेवर एक डायोड बसवला. वीज कडाडली की जास्तीचा दाब त्यानं जमिनीत सोडायचा, एरवी गप्प बसायचं.

बॅटरी तीन आठवड्यांत संपली. दिवा लागणार कुठून? बहीण बापडी भावाच्या शब्दावर थांबली. पानं वळली तेव्हा तिनं माती उकरून पाहिली आणि पाणी सोडलं. तरी बांधाकडची चार झाडं गेलीच.

डबी घरी आणली, संध्याकाळी कूलरसमोर बसून तिच्यातून किती वीज गळते ते मोजलं. गळती किरकोळ. मी प्रोग्रॅमलाच शिव्या घालत बसलो. बहिणीनं फोनवर विचारलं, "दुपारी पाह्यलं का? बगिच्यात ते उन्हात राह्यते."

दुसऱ्या दिवशी डबी गच्चीवर ठेवली. दुपारी दोनला, आभाळ निरभ्र असताना, उन्हानं तापलेला तो डायोड मायक्रोकंट्रोलरच्या झोपेतल्या खुराकाच्या कितीतरी पट प्रवाह गळू देत होता. डायोडच्या माहितीपत्रकात गळतीचा आकडा होता, पण पंचवीस अंशांचा. पंचवीस अंश पाहायला आमच्याकडे दिवाळी यावी लागते.

"म्हणजे कुंपणच शेत खाऊन राह्यलं होतं," ती म्हणाली. झाडांवरून ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली.

पुढच्या उन्हाळ्याआधी कमी गळतीचा डायोड घालून डबी नेली आणि ऐटीत आकडा सांगितला. ती झाडाखाली बसली होती. अंगठ्यानं माती दाबत तिनं विचारलं, "हा दुपारचा सांगून राह्यला का संध्याकाळचा?"

आकडा माहितीपत्रकातला होता. मी डबी परत पिशवीत घातली.