कॅनबेरातल्या साती आसरा

ऑस्ट्रेलियाला निघाले म्हटल्यावर औरंगपुऱ्यातल्या बॅगवाल्यापासून शाळेतल्या शिपाईमामांपर्यंत सगळ्यांनी कांगारूंबद्दल विचारलं. अण्णांनी एकट्यांनी विहिरीबद्दल विचारलं.

अण्णा म्हणजे माझे वडील, मूळचे गंगापूर तालुक्यातले. सरकारी नोकरीत भूवैज्ञानिक होते, मराठवाडाभर पाण्याच्या जागा शोधत फिरले. नोकरीच्या शेवटच्या काळात त्यांना पूर्व तिमोरला पाठवलं होतं. इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया यांच्या मधोमध असलेला तो इवलासा देश तेव्हा नुकताच स्वतंत्र झाला होता. डोंगरातल्या एका गावात अण्णांनी विहिरीची जागा दाखवली आणि गावाने ती हाताने खणली. पाणी लागलं, पण ते पावसाळ्यात. त्या विहिरीचा पहिला उन्हाळा बघायच्या आतच अण्णांची मुदत संपली आणि ते परत आले. ती विहीर टिकली की आटली, हे त्यांना कधीच कळलं नाही.

इथे आल्यावर दुष्काळाची वर्षं लागली. त्यांनी दाखवलेल्या कितीतरी विहिरी कोरड्या पडल्या. भूगर्भात पाणीच नाही तर भूवैज्ञानिक काय करणार, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तरी त्यांनी जागा दाखवणं बंद केलं. आम्ही पडेगावला राहतो. इथे पाच वर्षांपूर्वी ज्वारी होती, आता इमारतींवर इमारती उभ्या आहेत आणि नळाला पाणी नाही. सोसायटीत बोअर घ्यायची म्हणून अध्यक्ष दोनदा नारळ घेऊन आमच्या दारात आले. अण्णांनी दोन्ही वेळा त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

तर, माझा धाकटा भाऊ बंडू सिडनीत असतो. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे मे महिन्याची सुट्टी हक्काची. नवऱ्याची वाळूजच्या कारखान्यात पाळी असते, त्याला सुट्टी मिळाली नाही. अण्णांच्या जेवणाखाण्याचं त्याने स्वतःहून अंगावर घेतलं. निघायच्या दिवशी अण्णा म्हणाले, "माय, तिथं राजधानीच्या गावात मोठं ग्रंथालय हाय म्हणं. तिमोरचं सगळं जपून ठिवलंय. बघ बरं, आपल्या विहिरीचं काही घावतंय का."

"अण्णा, देशाच्या ग्रंथालयात एका गावाची विहीर कशी असेल?"

"नसंल तर नसंल. बघायला काय जातंय तुझं?"

माझे कॅनबेराला जायचे दोन दिवस आणि बसचं भाडं जाणार होतं, पण ते मी बोलले नाही.

प्रवास सांगण्यासारखा नाही. इथून रात्रीच्या बसने मुंबई, तिथून सिंगापूरला विमान बदलून सिडनी. विमानाचं तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. मी अर्थातच उशिरा काढलं. खाण्याचे पदार्थ नेणाऱ्यांसाठी एक सूचना: फॉर्मवर सगळं खरं लिहा. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी लिहिली. तिथल्या बाईंनी पिशवी उघडली, वास घेतला, शिंकल्या आणि "जा" म्हणाल्या. न लिहिता सापडलात तर मोठा दंड असतो, असं बंडूने बजावलं होतं.

सिडनीबद्दल सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. चार दिवस पूल, समुद्र आणि बंडूच्या बायकोने लावलेला कढीपत्ता बघून पाचव्या दिवशी सकाळी कॅनबेराची बस धरली. साडेतीन तासांचा सरळ रस्ता आहे. दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं गवत, मधूनच मेंढ्या आणि निलगिरीची झाडं. आपल्याकडे मे म्हणजे डोकं फुटायची वेळ; तिकडे थंडी सुरू होत असते. स्वेटर न्या. मी बंडूचं जॅकेट घातलं होतं, त्याच्या बाह्या माझ्या बोटांच्या खाली येत होत्या.

कॅनबेरा हे गाव कुणीतरी पट्टी घेऊन कागदावर आखल्यासारखं आहे. रस्ते रुंद, माणसं कमी. मधोमध तळं आहे आणि तेही माणसांनी बांधलेलं. काठोकाठ भरलेलं एवढं पाणी, आणि त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. लोक काठावरून कुत्री फिरवत होते. मी पाच मिनिटं नुसती उभी राहिले. खरं सांगायचं तर मला रागच आला. घरून निघाले त्या सकाळी मी कपडे धुतलेलं पाणी बादलीत भरून संडासासाठी ठेवून आले होते.

राष्ट्रीय ग्रंथालय त्या तळ्याच्याच काठी आहे. पांढरी, खांबांची इमारत. प्रवेश फुकट, वाचकाचं कार्डही फुकट, फक्त पासपोर्ट दाखवावा लागतो. जाणार असाल तर काय बघायचं आहे ते घरूनच त्यांच्या संकेतस्थळावर मागवून ठेवा, नाहीतर वस्तू आतून यायला वेळ लागतो. बॅग बाहेर कपाटात ठेवायची, शाईचं पेन चालत नाही, पेन्सिल चालते. उपाहारगृहात भाजीचं सूप आणि पाव मिळतो. सूप गरम असतं, एवढंच त्याचं कौतुक.

तिमोरचा संग्रह बघून मी चकित झाले. पुस्तकं असणार हे ठाऊक होतं. पण तिथे भिंतीवर चिकटवायची पत्रकं होती, मतदान कसं करायचं हे चित्रांतून सांगणारे तक्ते होते, शाळेची पहिलीवहिली पुस्तकं होती, गाण्यांच्या कॅसेटी होत्या, घोषणा छापलेले टी-शर्टसुद्धा घडी घालून ठेवले होते. आपला देश नवा असताना कुणी टी-शर्ट जपून ठेवले असतील का, कोण जाणे. टेबलावरच्या ग्रंथपाल बाई पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेल्या. मी गावाचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या भागातल्या फोटोंच्या दोन पेट्या आहेत. दोन वेगवेगळ्या माणसांनी दिलेल्या. आधी पहिली बघा."

शेजारच्या टेबलावर एक मुलगी हातमोजे घालून तक्ते बघत होती. ती तिमोरचीच निघाली. नाव फिलोमेना, कॅनबेरातल्याच विद्यापीठात शिकते. तिने मला विचारलं, "तुम्ही भारतातून? आमच्या देशासाठी?" मी म्हटलं, "तुमच्या देशातल्या एका विहिरीसाठी." तिला हे फारच आवडलं. खुर्ची सरकवून ती माझ्याच टेबलाशी येऊन बसली.

पहिल्या पेटीतले फोटो त्या काळात तिथे गेलेल्या एका हौशी परदेशी छायाचित्रकाराचे. जळलेल्या घरांच्या भिंती, नवा झेंडा, शाळेच्या रांगा. आणि मग तो फोटो आला. खणायला घेतलेल्या जमिनीपाशी गाव गोळा झालंय. मधे एक माणूस पाठमोरा उकिडवा बसलेला, डोक्याला पंचा गुंडाळलेला, उन्हाने रापून काळाठिक्कर पडलेला. त्याच्यासमोर चुन्याने रंगवलेले सात दगड ओळीने मांडलेले. सातांवर हळदीकुंकू. ओळीपासून वीतभर अंतरावर आणखी एक दगड, एकटा.

खाली छायाचित्रकाराने इंग्रजीत लिहिलं होतं: 'गावातले वयोवृद्ध पुढारी, प्राचीन प्रथेनुसार पाण्याच्या आत्म्यांची आराधना करताना.'

मी इतक्या मोठ्याने हसले की अख्ख्या दालनाने माना वळवल्या.

आपल्याकडे विहिरीवर साती आसरा मांडतात, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. पाण्याच्या सात बहिणी, आणि बाजूला त्यांची राखण करणारा भाऊ. सात दगड जगात कुणीही मांडेल, पण बाजूचा तो भाऊ बघितला आणि माझी खात्री पटली. शिवाय तो पंचा आमच्याच घरातला, लाल काठाचा. कुंकू माझ्या आजीने सामानात पुडी बांधून घातलेलं. अण्णा नवस-सायासांना न मानणारे, हातात काठी धरून पाणी सांगणाऱ्या पाणाड्यांची टिंगल करणारे. पण आसरा मांडल्याशिवाय विहिरीला कुदळ लावायला त्यांचंही मन धजत नाही. आणि हा छायाचित्रकार त्यांना तिमोरी गावपुढारी समजून बसला होता!

मी फिलोमेनाला म्हटलं, "हे माझे वडील." तिने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ती तोंडावर हातमोजा दाबून हसायला लागली.

ग्रंथपाल बाई उठून आल्या. त्यांना सगळं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "या ओळी फोटो देणाऱ्याने लिहिलेल्या आहेत, त्या आम्ही पुसत नाही. पण तुम्ही लेखी दिलंत तर तुमची माहिती सोबत जोडता येईल. तुमच्या वडिलांचं नाव लागेल."

देशाच्या ग्रंथालयात अण्णांचं नाव! मी लगेच पेन्सिल उचलली.

"आधी दुसरी पेटी बघू या," फिलोमेना म्हणाली.

दुसरी पेटी बऱ्याच वर्षांनंतरची, वेगळ्याच माणसाने दिलेली. त्याच गावचा एक फोटो होता. विहिरीला आता सिमेंटचा कठडा आहे. एक बाई पोहरा ओढून घेतेय, मागे दोन घागरी. कठड्याच्या पायाशी सात दगड, ताजा चुना दिलेले, त्यावर कसल्यातरी लाल मातीचे ठिपके. बाजूला आठवा. खाली लिहिलं होतं: 'विहिरीचे रक्षक पूर्वज. दर वर्षी गाव दगडांना रंग देतं. ऑक्टोबर.'

आता मला हसू आलं नाही. मी दगड परत एकदा मोजले.

"हे तर आमच्याकडे असतंच," फिलोमेना सहज म्हणाली. "पवित्र दगड. जुन्या लोकांनी ठेवलेले. त्यांना हलवायचं नाही."

मी तिला काय सांगणार होते? की तुझ्या देशातले हे पूर्वज गंगापूर तालुक्यातून आलेत? तिचा देश तिच्यापेक्षा जेमतेम मोठा. जळलेल्या गावांतून त्यांनी एकेक गोष्ट आपली म्हणून परत उभी केलेली. मी पेन्सिल खाली ठेवली. दोन्ही फोटोंचे मोबाइलवर फोटो घेतले (फ्लॅश न वापरता परवानगी असते) आणि बाईंना म्हटलं, "वडिलांना विचारून कळवते."

संध्याकाळी तळ्याकाठी बसून मी उरलेला धपाटा फिलोमेनाला दिला. ती म्हणाली, तिखट आहे. पण तिने तो संपवला.

परत आले तेव्हा पडेगावात टँकरपाशी नळ्या टाकायची झुंबड उडाली होती. नवऱ्याने अण्णांना रोज खिचडीच घातली होती, असं अण्णांनी पहिल्या वाक्यातच सांगितलं. हातपाय धुऊन मी मोबाइल त्यांच्या पुढ्यात धरला. पहिला फोटो बघून ते गालातल्या गालात हसले. "वयोवृद्ध म्हन्तोय का मला? तवा केस काळे व्हते माझे."

दुसरा फोटो त्यांनी चष्मा पुसून बघितला. बोटांनी मोठा केला, लहान केला, परत मोठा केला.

"महिना कोन्ता?"

"ऑक्टोबर लिहिलंय."

"तिथं पाऊस नोव्हेंबरच्या बी पुढं लागतो. म्हंजी उन्हाळ्याचा शेवट हाय ह्यो." ते कठड्यावर बोट ठेवून थांबले. "दोर बघ माय. पोहरा वर आलाय, दोर समदा तिच्या पायापाशी पडलाय. आत सोडलेला किती? चार वेढे. बाकीचा गुंडाळलेलाच हाय, आत सोडावाच लागला न्हाई. पानी वरच हाय गं." मग फोन मांडीवर ठेवला आणि डोळ्यांना पंचा लावला. "टिकलं. टिकलं म्हना की."

नवरा चहा घेऊन आला आणि कप ठेवून परत गेला.

मग मी ग्रंथपाल बाईंचं सांगितलं. लेखी दिलं तर नाव लागेल, खरी माहिती जोडली जाईल. "अण्णा, हे आसरा तुम्ही मांडलेत. कळवू ना?"

"नगं."

"अहो, पण खरं ते खरं."

"खरं काय हाय त्यात? कुंकू आपलं व्हतं. ते पहिल्या पावसात धुऊन गेलं असंल." त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "दगड त्यांचेच व्हते की, माय."

सहलीचा हिशोब मांडायचा तर कांगारू एकच दिसला, तोही बसच्या काचेतून. सिडनीचे फोटो अजून कुणाला दाखवलेले नाहीत. कॅनबेराला जाणार असाल तर जरूर जा, स्वेटर न्या, आणि जमलं तर त्या तिमोरच्या पेट्या उघडून बघा. त्या कुणालाही बघता येतात. पहिल्या फोटोतल्या वयोवृद्ध पुढाऱ्याला माझा नमस्कार सांगा.

आल्यानंतरच्या रविवारी अण्णा सकाळीच चपला घालून खाली उतरले. पार्किंगच्या मागच्या मोकळ्या जागेत बराच वेळ फिरले, वाकून माती बघितली, कुंपणाबाहेरच्या ओढ्यापर्यंत जाऊन आले. वर येऊन मला म्हणाले, "अध्यक्षाला म्हनाव, नारळ घेऊन ये. आन् तू चुना आन दुकानातून."

पाणी लागेल की नाही, ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. चुना आणला. दगड मात्र ओढ्यातून, इथलेच वेचले.