गाळलेली आठ कडवी

एका कवितेतल्या बाईचे केस, रंग, भुवया, डोळे, नाक, ओठ, मान आणि कंबर मी एका दुपारी कापून टाकली. कात्री लागली नाही. कॉम्प्युटरवर माउसने होतं ते काम. कापलं, उरलेलं जोडलं, जोड ऐकू येतोय का ते तपासलं आणि समाधानानं चहा प्यायले. तेव्हा माझं वय होतं बासष्ट. म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता.

रेडिओवर निवेदिका म्हणून निवृत्त झाले आणि घरात बसून करायचं काय म्हणून शनिवार पेठेतल्या एका केंद्रात जायला लागले. तिथे अंध वाचकांसाठी ऑडिओ पुस्तकं तयार होतात. एक बाथरूमएवढी खोली, भिंतींना फोम, एक माइक, एक कॉम्प्युटर. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद. एप्रिलमध्ये तिथे कादंबरी वाचायची म्हणजे काय, हे ज्याचं त्यानं समजावं.

या कामाचा नियम एकच. छापलंय ते सगळं वाचायचं. तळटीप वाचायची, पान नंबर वाचायचा, छपाईची चूक असेल तर चुकीसकट वाचायचं आणि मग ‘वाचकाची टीप’ असं म्हणून सांगायचं. आपलं मत कोणी विचारलेलं नसतं. हा नियम नव्या लोकांना समजावून सांगायचं काम माझ्याकडेच होतं.

आणखी एक गोष्ट सांगते, म्हणजे मी काय केलं ते कळेल. रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी आम्ही रिकाम्या खोलीची शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवतो. त्याला ‘रूम टोन’ म्हणतात. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. मधला काही भाग कापला की त्या जागी ही शांतता थोडी भरायची. नुसतं कोरं ठेवलं तर ऐकणाऱ्याला कानात बोळा बसल्यासारखं वाटतं आणि चोरी कळते. माझ्या चोऱ्या कळत नसत. खोकला, शिंक, खालून गेलेला भंगारवाला, सगळं मी असं काढायची की केंद्राचे प्रमुख दामले सर, जे स्वतः अंध आहेत आणि ज्यांना माणूस कुठल्या कुशीवर झोपून उठलाय ते आवाजावरून कळतं असा त्यांचा दावा आहे, त्यांनाही पत्ता लागत नसे.

तर मयूरी घुले एक मागणी घेऊन आली. मुलगी मांजरी गावची. घरचा ऊस, थोडी जमीन बिल्डरकडे गेली होती, थोडी शिल्लक होती. जन्मापासून दिसत नाही. बसने एकटी कॉलेजला यायची, मराठीत एम. ए. करत होती. तिला सादरीकरणासाठी प्रेमकवितांचा एक जुना संग्रह हवा होता. विषय होता ‘प्रेमकवितेतील रूप आणि गुण’. वर्गासमोर बोलायचं, त्याचे अंतर्गत मार्क.

संग्रह मी वाचायला घेतला. निम्म्यावर ती कविता आली. कवी आता हयात नाहीत, त्यांचा काही दोषही नाही, म्हणून नाव सांगत नाही. बारा कडवी. पहिल्या आठांत प्रेयसीचं रूप. एकेका कडव्याला एकेक अवयव, वरून खाली, पद्धतशीर. नववं कडवं ‘पण’ या शब्दानं सुरू होतं. पण हे सगळं सरेल, उरेल ते तुझं मन, तुझी माया, तुझं धीरानं हसणं. शेवटची चार कडवी अशी.

मी सगळी बारा कडवी रेकॉर्ड केली. मग हेडफोन लावून ऐकताना मला मयूरीचा चेहरा दिसायला लागला. डोळ्यांवर अख्खं कडवं. ही पोर हे कानांनी ऐकणार. मला भरून आलं. मी त्या काळात फार उदात्त होते. उदात्त माणसाला थांबवणं अवघड असतं, कारण तो हळू आवाजात बोलतो आणि स्वतःशीच बोलतो. मी स्वतःला म्हटलं, मंदा, रूप हे काय खरं असतं? कवीलाही शेवटी गुणांचंच महत्त्व सांगायचंय. मग आपण फक्त महत्त्वाचं ते ठेवू.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. रेडिओवर असताना श्रोते मला गोरी, उंच आणि लांब केसांची समजायचे. आवाज तसा होता. मी पाच फूट, सावळी, जाड काचेचा चष्मा. एकदा एक गृहस्थ सातारा रोडहून सायकल मारत मला बघायला आले आणि गेटवर मलाच विचारलं, “त्या मंदाताई कुठे भेटतील?” मी म्हटलं, “त्या रजेवर आहेत.” आणि दोन दिवस खुशीत होते. तर रूप म्हणजे काही खरं नव्हे, असं ठरवणारी बाई ही.

आठ कडवी कापली. नवव्या कडव्याचा तो ‘पण’ उघडा पडला. मागे काहीच नाही आणि हा आपला ‘पण’ म्हणत उभा. मग तोही कापला. खोलीची शांतता भरली. ‘वाचकाची टीप’ टाकली नाही. टाकली असती तर सगळा उदात्तपणा फुकट गेला असता. फाइल दामल्यांनी ऐकली. म्हणाले, “स्वच्छ आहे.”

काही आठवड्यांनी मयूरी पुन्हा केंद्रावर आली. काठी घडी करून हातात धरली आणि दामल्यांच्या टेबलासमोर उभी राहिली. मी शेजारच्या खुर्चीवर होते.

“सर, ही कविता कोणी वाचलीय?”

“मंदाताईंनी. का?”

“पूर्ण आहे?”

“आमच्याकडे अर्धवट काही नसतं.”

“वर्गात बारा कडवी निघाली. माझ्याकडे चारच आहेत.”

मग तिने झालेलं सांगितलं. आवाज चढवला नाही. ती सगळ्या वर्गासमोर म्हणाली होती की बाकीचे कवी प्रेयसीच्या रूपाशी अडतात; हा एकच कवी असा आहे की त्याने तिच्याकडे बघितलेलंच नाही, त्याने फक्त तिचं मन ओळखलं. या एका मुद्द्यावर तिने सगळं सादरीकरण बांधलं होतं. पहिल्या बाकावरच्या मुलीने पुस्तक उघडलं आणि कंबरेचं कडवं मोठ्याने वाचलं. वर्ग हसला. सर हसले नाहीत, पण म्हणाले की मूळ कविता न वाचता आलीस; पुढच्या आठवड्यात पुन्हा बोल, नाहीतर मार्क मिळणार नाहीत.

“मी म्हटलं, मी वाचलीय,” मयूरी म्हणाली. “दहा वेळा ऐकलीय. पाठ आहे मला.”

दामल्यांनी मान माझ्या दिशेला वळवली.

“मंदाताई, किती गाळलीत?”

“आठ कडवी. आणि एक ‘पण’.”

“का?”

“तिला वाईट वाटेल म्हणून.”

“तिला विचारलं होतंत?”

“नाही.”

“मग वाईट कोणाला वाटत होतं?”

दामले थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवत बसले. मग म्हणाले, “मी आयुष्यभर दुसऱ्यांनी वाचलेलं ऐकतोय, बाई. आता रात्री झोप येणार नाही मला. कोणी कोणी माझी दया करून काय काय गाळलं असेल, याचा विचार करत बसेन.”

मी मयूरीला म्हटलं, “चुकलं माझं. पण तुला खरंच हवंय ते? केस असे न् डोळे तसे? ते काही महत्त्वाचं नाही गं.”

“आजी,” ती म्हणाली, “मला दिसत नाही. मी लोकांना दिसते ना? ते काय बघतात ते मला कोणीच सांगत नाही. कवितेत होतं, तर तुम्ही तेही काढलंत.”

नंतर म्हणाली, “आत्ता वाचा. मी बसते आत.”

त्या खोलीत दोन माणसं बसली की गुडघे लागतात. पंखा बंद केला. माइकसमोर कापडी जाळी असते. प, फ, भ म्हणताना तोंडातून हवा सुटते आणि माइकमध्ये फटाका वाजल्यासारखा आवाज येतो, तो अडवायला. ती जाळी मी उगाचच दोनदा नीट केली. मग पुस्तक उघडलं.

केस झाले. रंगाला तिने हात वर केला. “रंग समजावू नका, मला कळत नाही. नुसता वाचा.” वाचला. भुवयांना ती म्हणाली, “थांबा. कमानदार म्हणजे?”

मी तिचं बोट धरून माझ्या भुवईवरून फिरवलं. “अशी. माझी आता विरळ झालीय, पण वळण आहे.”

“माझी?”

“सरळ. दाट आहे आणि मध्ये जवळजवळ जुळते.”

“म्हणजे वाईट?”

“या कवीच्या हिशेबात बसत नाही. पार्लरवाली मात्र खूश होईल.”

ती हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, “डोळे वाचा.”

ते कडवं सगळ्यात लांब होतं. तिची नजर बोलते, तिची नजर बोलावते, असं बरंच काही. मी वाचलं. प, फ, भ कुठेही फुटले नाहीत. निवेदिकेची सवय.

“आता माझे सांगा.”

“मयूरी...”

“आजी, आज गाळायचं नाही.”

मग सांगितलं. “उजवा अर्धा मिटलेला असतो. डावा उघडा असतो, पण एका जागी ठरत नाही. पापण्या लांब आहेत.”

“आई म्हणते, छान आहेत डोळे.”

“आई आहे ती.”

रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. खोलीची शांतता तेवढी भरत होती.

“लांब म्हणजे किती?”

“चष्मा लावलास तर काचेला लागतील.”

तिने बोटाने पापणी हळूच दाबून बघितली. “हे कुणी सांगितलं नव्हतं,” एवढंच म्हणाली.

नाकाचं कडवं झाल्यावर मी आपणहून सांगितलं, “कवीनं लिहिलंय तसंच आहे तुझं. सरळ, टोकाला जरा वर.”

“खरंच?”

“आज मी खोटं बोलायच्या परिस्थितीत नाहीये.”

ओठांच्या कडव्यावर आम्ही चर्चा केली नाही. मान वाचली. कंबर मूठभर आहे असं कवी म्हणतो, तिथे ती म्हणाली, “मूठभर? माणसाची?”

“कवी आहेत ते. टेलर नव्हेत.”

मग नववं कडवं आलं. ‘पण’ मी मुद्दाम सावकाश उच्चारला. त्याच्यामागे आता आठ कडवी उभी होती, तेव्हा त्याला वजन होतं. मी ती चार कडवी आधीही वाचली होती, कापून जोडली होती, हेडफोन लावून तपासली होती. पहिल्या आठांशिवाय ऐकताना ती मला शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखी वाटायला हवी होती. वर्तणूक चांगली, स्वभाव सालस. तेव्हा वाटली नव्हती. तेव्हा मी जोड ऐकत होते.

जुनी फाइल काढून नवी टाकली. त्यातले आमचे संवाद अर्थातच कापले. ते कवीने लिहिलेले नव्हते. मयूरीने पुन्हा सादरीकरण केलं आणि मार्क मिळाले. दामल्यांनी त्याच आठवड्यात नवा नियम केला. ज्याने वाचलं त्याने कापायचं नाही, आणि डोळस माणसाने पुस्तक समोर धरून पूर्ण फाइल तपासल्याशिवाय ती बाहेर जाणार नाही. मला त्यांनी पाककृतींच्या पुस्तकांवर टाकलं.

“त्यात गाळण्यासारखं काही नसतं,” म्हणाले.

“मीठ चवीनुसार असतं, सर.”

“ते लिहिलंय तेवढंच वाचा.”

बरेच महिने मी लोणची आणि लाडू वाचले. ऐकणाऱ्याला काय सोसेल ते वाचणाऱ्याने ठरवू नये, हे मला एका साट्याच्या करंजीच्या कृतीत नीट कळलं. ती कृती चार पानं चालते आणि एक ओळ गाळली तर करंजी फुटते. ज्याला दया आलीच असेल त्याने प, फ, भ जरा सांभाळावेत. तेवढी पुरते.

वर्ष संपताना मयूरी पुस्तकांचा पेनड्राइव्ह परत करायला आली. चेहऱ्यावर चष्मा होता, काळ्या काचांचा नव्हे, साध्या. कशाला, ते मी विचारलं नाही. मी विचारलं, “आता सगळी बारा कडवी पाठ झाली असतील. आवडती कुठली?”

ती म्हणाली, “शेवटचीच चार, आजी. फक्त आता पटतात. तो आधी तिच्याकडे नीट बघतो आणि मग तिला गुणी म्हणतो. मला लोक न बघताच म्हणतात.”