शेवटच्या डब्याचा गार्ड

हिनकलहून म्हैसूरला जाणाऱ्या माझ्या बसमध्ये मागच्या दाराशी एक म्हातारे गृहस्थ बसत. प्रत्येक थांब्यावर ते खिडकीतून मागे बघत. त्यांनी मान डोलावल्याशिवाय कंडक्टरही शिट्टी वाजवत नसे.

एकदा मी पळत येत असताना ड्रायव्हरनं शिट्टीआधीच बस हलवली. "तडी, तडी!" ते कन्नडात ओरडले. बस थांबली आणि माझा इंटरव्ह्यू वाचला.

शेजारी बसून मोडक्या कन्नडात आभार मानले, तर उत्तर मराठीत आलं. "लंडनात भुयारी रेल्वेचा गार्ड होतो मी. लाल, बुटक्या गाड्या. दारांचं बटण माझ्याकडं."

"आता भंगारात गेल्या असतील ना?"

"छे हो! एका बेटावर तसाच बुटका बोगदा होता, म्हणून काही गाड्या तिकडं धाडल्या. जन्मभर अंधारात पळून म्हातारपणी समुद्राकाठी उन्हात! म्हटलं, आपणही गावी जावं."

एवढ्यात एक बाई मोगऱ्याची टोपली सावरत धावत येताना दिसली. आजोबांनी पुन्हा बस थांबवली.

"वेळ झाली की अशांच्या तोंडावर दार लावायचो मी," ते खळखळून हसले. "आता बटणच नाही!"