काकूंचं ई-मेल आणि अण्णांचं शेड

आमच्याकडं माल कमी तयार होतो आणि किस्से जास्त! मसाला निदान भाजावा लागतो, कांडावा लागतो, चाळावा लागतो. किस्से आपोआप होतात. परवा बीडला एका मित्रानं विचारलं, "तुमचा ऑनलाइन धंदा काय म्हणतोय?" मी सांगायला लागलो, तर त्याचा चहा गार झाला, दुसरा मागवला, तोही गार झाला. म्हणून आता लिहूनच टाकतो.

आम्ही म्हणजे तिघं. नेकनूरच्या मंगलकाकू, ज्यांच्या हातच्या काळ्या मसाल्यावर, शेंगांच्या चटणीवर आणि बाजरीच्या वाळवलेल्या खारोड्यांवर हा सगळा डोलारा उभा आहे. शकीलभाई, बीडच्या फळवाल्यांच्या घरातले; पॅकिंग, पार्सल आणि ऑर्डरचा फोन त्यांच्याकडं. आणि मी, कॉम्प्युटर क्लास चालवणारा सर. वेबसाइट माझी आणि दर शुक्रवारी गिऱ्हाइकांना ई-मेलनं जाणारं न्यूजलेटरही माझं. काकूंच्या हाताखाली गावातल्या सहा बायका. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायचं सोडून त्या इथं आल्या होत्या.

जागा मात्र आमची नव्हती. पत्र्याचं शेड काकूंच्या दिरांचं, अण्णांचं. त्यांनी उन्हाळ्यातच बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत चालवा, वहिनी. भाऊबीज झाली की मला कापूस भरायचाय." अण्णा रोज संध्याकाळी यायचे, दारात उभे राहून शेड डोळ्यांनी मोजायचे, मग मोबाईलमध्ये डोकं घालून निघून जायचे. माझं टाळकंच सरकायचं! शेड गेलं तर सहा बायका परत खुरपं धरणार, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं.

*

न्यूजलेटरचं खातं उघडतानाच पहिली गंमत झाली. त्यासाठी पाठवणाऱ्याचा ई-मेल आयडी लागत होता. काकूंचा आयडी नव्हता, शकीलभाईंना पासवर्ड आठवेना आणि माझा आयडी क्लासच्या कामात अडकलेला. घरात एकच चालू आयडी निघाला, अण्णांनी पीक विम्याच्या फॉर्मसाठी काढलेला.

"टाका की," काकू म्हणाल्या. "त्यांचं काय झिजतंय?"

काकूंनी अण्णांना चहा पाजला आणि त्यांच्या मोबाईलवर आलेला ओटीपीचा आकडा गोड बोलून विचारून आणला. तात्पुरतं टाकू, नंतर बदलू, असं मी म्हटलं आणि कामाला लागलो.

*

एका व्हिडिओत मी ऐकलं होतं की गिऱ्हाइकाला नावानं हाक मारा. झालं! वडवणीच्या बाजारात काकूंनी गिऱ्हाइकांची नावं आणि ई-मेल लिहून घेतलेली एक वही होती. मी ती वही जशीच्या तशी टाइप केली आणि बटण दाबलं.

आता काकूंची वही म्हणजे काकूंची वही. एका हेडमास्तरांना ई-मेल गेलं, "प्रिय तिखट कमी खाणारे सर." बँकेतल्या मॅडमना गेलं, "प्रिय निळ्या स्कूटीवाली." आणि एकीला तर थेट, "प्रिय शीलाची भांडखोर नणंद!"

तासाभरात शकीलभाईंचा फोन वाजला. पलीकडून आवाज आला, "मी शीलाची नणंद बोलतेय." शकीलभाई बसल्या जागेवरून उठून उभे राहिले.

"दोन किलो मसाला पाठवा. आणि एक किलो शीलाच्या घरी, माझ्याकडून. पाठवणाऱ्याच्या जागी तेच नाव लिहा!"

*

मग आला 'शेवटची संधी!!!' हा विषय. तीन उद्गारचिन्हं, माझीच अक्कल. ते ई-मेल सगळ्यांच्या स्पॅममध्ये जाऊन पडलं. कुणी उघडलंसुद्धा नाही.

शकीलभाई म्हणाले, "सर, बाजारात जो लई वरडतो ना, त्याचा माल सकाळपासून पडलेला असतो. आमचे अब्बा पक्क्या गिऱ्हाइकाला सरळ सांगायचे, आज घिऊ नको, उद्या ये."

नेमक्या त्या आठवड्यात आमच्या शेंगा जरा ओलसर निघाल्या होत्या. मी चिडूनच विषय टाकला, 'या शुक्रवारी शेंगांची चटणी घेऊ नका.' आत दोन ओळींत कारण लिहिलं.

अहो, ज्यानं त्यानं उघडलं! चटणी नको म्हटल्यावर लोकांनी मसाला मागवला, खारोड्या मागवल्या. काहींनी तर चटणीच मागितली, कधी होईल तेव्हा पाठवा म्हणून! मी शेडात अक्षरशः नाचलो. शकीलभाईंना चिकटपट्टी कापायला फुरसत नव्हती.

*

"आपुलकीनं लिहा," असंही त्या व्हिडिओत होतं. काकू म्हणाल्या, "मंग लग्नाची पत्रिका असती तसं लिवा." लिहिलं! 'आमचे येथे नवीन काळ्या मसाल्याचे कांडप रविवारी योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब अगत्य येण्याचे करावे.' स्थळ, पत्र्याचं शेड. खाली विनीत म्हणून सहाही बायकांची नावं, आणि सगळ्यात शेवटी, 'आमच्या आजीच्या मसाल्याला यायचं हं!'

रविवारी लातूरहून एक जीप आली. आतून सात माणसं उतरली, हातात टॉवेल-टोपी आणि ब्लाउजपीस. त्यातले वयस्कर पाहुणे म्हणाले, "जरा उशीर झाला. कार्य उरकलं का?"

मी आणि शकीलभाई डब्यांच्या मागं सरकलो. काकू मात्र जराही गडबडल्या नाहीत. "उरकल कसं? तुमचीच वाट बघतोय!" म्हणाल्या आणि चुलीवर पिठलं टाकलं. जाताना पाहुण्यांनी आठवड्याचा सगळा माल जीपमध्ये भरला. काकूंनी त्यांना उलटा आहेर केला, तो वेगळाच.

*

काकूंचं एक दुःख होतं. दर शनिवारी त्या विचारायच्या, "सर, कुणाचं उत्तर आलं का?"

"काकू," मी मोठ्या जाणकाराच्या थाटात सांगायचो, "न्यूजलेटरला कुणी उत्तर देत नसतं."

"आसं कसं? आपन येवढं घरचं लिवतो अन् मानूस गप ऱ्हाईल?"

त्यातच एका गृहस्थांनी यादीतून नाव काढलं. मी सहज बोलून गेलो. काकूंचा चेहराच उतरला. "रुसले कावून?" म्हणाल्या आणि ऑर्डरवरचा नंबर शोधून थेट फोन लावला! "भाऊ, आमचं काय चुकलं? घरी समदं बरं हाय न्हवं?"

तो बिचारा पुण्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. "काकू, काही नाही हो, मेलबॉक्स भरला होता," असं कळवळून म्हणाला. संध्याकाळी त्यानं आपलं नाव परत घातलं. सोबत बायकोचं आणि सासूचंही.

*

दिवाळी जवळ आली. शेवटच्या अंकाला मी काहीतरी झोकदार लिहिणार होतो. काकू म्हणाल्या, "खरं हाय ते लिवा." त्या सांगत गेल्या आणि मी टाइप करत गेलो.

'ही आमची शेवटची खेप. भाऊबीज झाली की दीर या शेडात कापूस भरणार. शेड त्यांचं आहे, त्यांचं काही चुकलं नाही. आमच्या सहा जणी परत खुरपायला जातील. आमचं काही चुकलं-माकलं असेल तर पोटात घाला.'

खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. माल दिवाळीआधीच संपला, एक पुडी उरली नाही. पण उपयोग काय? भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी बायकांनी शेड झाडलं, डबे धुऊन पालथे घातले, आणि आम्ही सगळे अण्णांच्या ट्रॅक्टरची वाट बघत बसलो.

अण्णा आले. चालत.

"कापूस कुठाय?" काकूंनी विचारलं.

"माझ्या बैठकीत टाकलाय. सोफ्यावर."

अण्णा एका पालथ्या डब्यावर बसले, चष्मा लावला आणि मोबाईल बाहेर काढला. "वहिनी, ती नाशिकची बाई कवाधरनं विचारतीय, खारोड्या तळायच्या का तशाच खायच्या. तुमी उत्तर कावून देत न्हाई?"

काकू माझ्याकडं बघायला लागल्या. मी मोबाईलकडं. तो आयडी बदलायचा राहूनच गेला होता!

"ऱ्हाऊ द्या, तिला मीच कळवलं, शेंगदान्यासंगट तशाच खा म्हनून." अण्णांनी स्क्रीनवर बोट वर सरकवलं, आणखी वर सरकवलं, सरकवतच राहिले. "पर त्या दिराला शिव्या घालनारे लई जन हायत. त्यांला काय लिवायचं, तेवढं तुमी सांगा."