शुक्रवारी जागे झालेले कॉम्प्युटर

"कुलूप शाबूत. चावी शालिनीकडे. आणि सुट्टीच्या दिवशी तिन्ही कॉम्प्युटर चालू. आता तूच सांग," आबा म्हणाले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावच्या एमआयडीसीतला हा पाइपचा कारखाना आबांचा. ते मूळचे चोपड्याचे. मी धुळ्याहून येऊन त्यांचं नेटवर्क सांभाळायचो. सुट्टीतही आबा देवाला उदबत्ती लावायला ऑफिसात येत. या वेळी कुलूप उघडलं, तर आत स्क्रीन उजळलेले. टेंडरचे दर बाहेर फुटतात असा त्यांना आधीच संशय होता. दर टाइप करायच्या शालिनीताई. त्यांना काढायचं नक्की झालं होतं. मी फक्त पुरावा शोधायचा.

नुकतीच मी तिथे एक सोय केली होती. बंद कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड अर्धवट जागं असतं. सर्व्हरने केबलमधून ठरलेला संदेश पाठवला की मशीन आपोआप सुरू होतं. आज घरातला राउटरही हे करतो. स्टाफ येण्याआधी मशीन तयार असावं, म्हणून मी सर्व्हरला रोजची वेळ लावून दिली. आबांना सांगायचं राहिलं. पण रविवार वगळला होता, त्यामुळे स्वतःवर शंका आलीच नाही.

मी शालिनीताईंना पोलिसासारखं विचारलं, "सुट्टीच्या दिवशी कुठे होतात?"

"यावलला, बहिणीकडे. पापड लाटत होते. सगळी गल्ली होती, बोलावू साक्षीला?"

मला ते पाठ केलेलं वाटलं. मी फाइली तपासल्या. एकही उघडलेली नव्हती. चोर आला, मशीन लावून नुसता बसला?

"वॉचमन रविवारी कुठे असतो?" मी आबांना विचारलं.

"रविवारी कारखाना चालू असतो. वीज पुरावी म्हणून दर भागाला सुट्टीचा वार वेगळा, आमचा शुक्रवार."

रविवार माझ्या डोक्यातला होता. मी कुणाला विचारलंच नव्हतं.

मी तिन्ही मशीन बंद केली, सर्व्हरला पुढची वेळ लावली आणि सगळ्यांना लांब उभं केलं. एकेक स्क्रीन उजळला. आबा माझ्याकडे वळले.

"मंग धुळामा बशीसन तू बी चालू करू शकस?"

धुळ्यात बसून हे जमत नाही, असं मी म्हणालो. त्यांना ते पटलं नाही. त्यांनी केबल काढायला लावली.

शालिनीताईंची नोकरी राहिली. त्यांनी चावी आबांच्या टेबलावर ठेवली. "आता तुम्हीच उघडत जा, आबा. मी बाहेर थांबेन." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मीही माफी मागितली नाही. बस गाठायची आहे म्हणालो.

तेव्हापासून कुठेही मशीनला वेळ लावण्याआधी मी विचारतो, तुमची सुट्टी कधी असते? लोक हसतात. हसू देतो.