अंगठ्याखालचं बटण

बुवापाड्यात आमच्या नळावर बायका जमल्या की नवऱ्यांच्या दारूचे किस्से निघायचे. माझा नवरा दारूला शिवायचा नाही. तो घरात अंतराळयान बांधत होता! आता हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मग किस्से पोटातच साठत गेले. आज विषय निघालाय तर ऐका.

*

नव्वद सालानंतरची गोष्ट. हे आनंदनगरच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन. ह्यांचे दोस्त, बदलापूरचे म्हात्रे भाऊजी, एक सेकंडहँड कॉम्प्युटर घेऊन आले. त्यात यान उडवायचा गेम. बरं, खेळा आणि गप्प बसा! पण नाही, समोर खऱ्या यानासारखं बटणांचं, मीटरचं पॅनेल पाहिजे.

पुढच्या खोलीत यान आलं आणि माझी शिलाई मशीन गेली स्वयंपाकघरात, स्टोव्हशेजारी. शिंदेवहिनी माझ्याकडे शिवलेला नवा ब्लाउज हुंगून म्हणाल्या, "लसणाची फोडणी का गं?"

पुढचा ब्लाउज त्यांनी दुसरीकडे टाकला. माझा धंदा बसायला लागला, तरी ह्यांना फिकीर नाही!

*

पॅनेल छापायला दिलं उल्हासनगरच्या किशनसेठला. मासिकातला फोटो दाखवून हे म्हणाले, "एकदम डिट्टो पाहिजे."

डिट्टोच आलं! फोटोत अंतराळवीराचा हात पॅनेलवर होता. किशनसेठनं तोही छापला, गोरापान अंगठा, नखासकट.

"अरे सेठ, ये अंगूठा क्यूं?"

"फोटो में है तो आएगा ना! निकाल देता हूं. नीचे कौनसा बटन है, बोलो?"

ह्यांना कुठे माहीत? अंगठा राहिला. त्याच्यावरच भोक पाडून ह्यांनी कॉम्प्युटर बंद करायचं बटण बसवलं.

*

यानातला ऑक्सिजन संपला की वाजायला अलार्म हवा होता. भाऊजींनी दाराची चिमणीवाली बेल आणून लावली. आमच्या दारालाही तीच! कणकेच्या हातानं धावत जाऊन मी दार उघडायची, बाहेर काळं कुत्रं नाही.

एकदा माझा भाऊ आंब्याची पेटी घेऊन बाहेर बेल वाजवतोय आणि मी आतून ओरडतेय, "मरा एकदाचे! संपू दे तो ऑक्सिजन!"

भाऊ पेटी ठेवून निघून गेला. दिवाळीपर्यंत बोलत नव्हता.

*

शेवटी मी इंगा दाखवला. "यान राहील, नाहीतर मी!"

हे म्हणाले, "आकाशातल्या स्टेशनला एकदाच यान जोडू दे. त्याच दिवशी सगळं मोडतो, तुझी मशीन परत पुढं. आईशप्पथ!"

भाऊजी साक्षीला होते. पण कारखान्याला सुट्टी शुक्रवारी, आणि आमच्याकडची लाईटही शुक्रवारीच जाणार! यान स्टेशनजवळ पोचलं की पुढच्या खोलीतनं ह्यांचा आवाज, "लाईट गेली!" असं कितीदा झालं. मी लाईटवाल्यांना शिव्या घालायची आणि ह्यांना चहा द्यायची.

*

मग एका शुक्रवारी मी स्वतः मागे उभी राहिले. यान सरळ चाललेलं. स्टेशन जवळ आलं, अजून जवळ आलं. भाऊजी ओरडले, "लागलं! लागलं रे!" मी मनातल्या मनात मशीन खिडकीशी मांडलीसुद्धा.

तेवढ्यात ह्यांचा अंगठा त्या गोऱ्या अंगठ्यावर गेला. स्क्रीन काळी!

"छ्या! लाईट गेली," हे म्हणाले.

भाऊजी खाली मान घालून चप्पल शोधायला लागले. मी वर बघितलं. पंखा गरगर फिरत होता.

"अहो, मग पंखा कशावर फिरतोय?"

"आधीच्या स्पीडवर आहे. थांबेल आता."

"बरं," म्हटलं. स्वयंपाकघरातनं मशीन ओढत आणली, यानाची खुर्ची बाजूला सारली आणि पंख्याखाली बसले.

"थांबेपर्यंत ब्लाउज शिवते!"