झाकणावरचा गोटा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे — अर्धं सांगितलंय. त्या अर्ध्याची तर आता आमच्या गल्लीत आणि आईच्या माहेरी, आंबागडला, दवंडी पिटून झाली आहे. पण उरलेलं अर्धं फक्त दोघांना ठाऊक आहे. एक मी आणि दुसरी आई, आणि आई ते कुणाला सांगत नाही. म्हणून मीच सांगतो. बसा जरा.

आधी थोडी बढाई मारू द्या, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट कळायची नाही. तुमसरात माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे, आणि माझ्या बैठकीत समुद्र आहे. हो, समुद्र! काचेच्या मोठ्या टाकीत खारं पाणी, समुद्रातले दगड, आणि एका दगडाच्या भोकातून तोंड बाहेर काढून बसलेली बुटकी मोरे ईल. आपल्या वाम मासोळीसारखी लांबुळकी, पण वीतभरच, आणि अंगानं पिवळीधमक. मे महिन्यात आमच्याकडे नळाचं पाणी हाताला चटका देतं, आणि हिला हवं गार पाणी. मी पाण्यावर पंखे लावले, खोलीला कूलर लावला, बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडल्या. लाइन गेली तर? जाऊ दे की, गावात बॅटऱ्या सगळ्यात जास्त कुणाकडे आहेत! शेजारचे काका तेव्हा म्हणाले होते, "समुद्र पाहाचा असन त मुंबईले जा ना बे, घरात मीठ कायले कालवून राहिला?" आज तेच काका आपले पाहुणे घेऊन येतात आणि ईल जणू त्यांनीच पोसली अशा थाटात दाखवतात.

तिचं नाव हळदी. ते आईनं ठेवलं. आई बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठावर वाढलेली, वाम म्हणजे तिच्या लेखी रस्सा. पहिल्या दिवशी काचेला नाक लावून म्हणाली, "हे रांधाची कवा?" पण आठवडाभरात तिचा जीव जडला. ही ईल श्वास घ्यायला सारखं तोंड उघडते, मिटते. पाहुणे दचकतात, चावेल म्हणून. आई म्हणाली, "चावत नाई ते, बोलून राहिली." मग आईही बोलू लागली. रोज दुपारी जेवणं आटोपली की झाकण उघडायचं, चिमट्यात झिंगा धरून द्यायचा, सुनेनं आज भाजीत किती तिखट घातलं ते सांगायचं, आणि झाकण लावून वर काळा गोटा ठेवायचा. गोटा तिनंच आंबागडहून आणलेला. झाकण हलकं, आणि ही जात पक्की पळपुटी — डोक्यानं झाकण उचलून बाहेर पडते. बाहेर पडली की संपली.

आता मुद्द्यावर येतो. येतोच आहे.

एका संध्याकाळी मी पंप साफ करायला झाकण काढलं. गोटा उचलून खाली फरशीवर ठेवला. पंप धुतला, झाकण लावलं, तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला आणि मी तसाच दुकानात गेलो. सकाळी हळदी दिवाणाखाली सापडली. सुकटीसारखी वाळलेली. आई तोंडाला पदर लावून उभी होती. माझी बायको मंजू म्हणाली, "अरे, गोटा त खालीच हाये. ठेवला नोता का कोनी?"

तुम्ही म्हणाल, गडबडीत माणूस विसरतो. पण मी त्या क्षणी विसरलो होतो का? नाही. गोटा दिसल्याबरोबर मला सगळं आठवलं — ओला पंप, फोन, फरशीवर टेकवलेला गोटा. लख्ख आठवलं. आणि सगळं आठवत असताना मी आईकडे वळून म्हणालो, "आई, काल दुपारी तूच उघडलं होतंस ना?"

"मीनं त गोटा ठेवला होता रे, बापू."

"मग हा खाली कसा?"

ती गोट्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नसन ठेवला, बा. मले आता काई ध्यानात राहत नाई."

कशाला केलं मी हे? मला काय फाशी होणार होती? मंजू दोन दिवस टोमणे मारत राहिली असती, इतकंच. पण मी समुद्रवाला! गावाला पाणी आणि मीठ शिकवणारा! माझ्या हातून अशी चूक? ते मला सोसवेना. म्हणून मी ती आईच्या पदरात घातली, आणि तिनं घेतली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ ठीक. पण दुसरी हळदी आणली, ती टिकली, एक उन्हाळा, मग दुसरा, तिसरा, लोक बघायला येऊ लागले, आणि मी येईल त्याला किस्सा सांगू लागलो. पहिली कशी गेली? आमच्या मातोश्रींच्या कृपेनं! लोक हसायचे. मीही हसायचो. आई त्याच लोकांना चहा आणून द्यायची आणि कप ठेवताना म्हणायची, "हो बाई, मीनंच मारली."

आणि हळूहळू आईचा स्वतःवरचा भरवसा उडाला. गॅस बंद केला का ते मंजूला पुन्हा पुन्हा बघायला लावू लागली. तांदळाच्या कोठीची किल्ली तिनं सुनेच्या हाती दिली. दर सणाला एकटी एस्टीनं आंबागडला जाणारी माझी आई, तिनं जाणंच सोडलं. "रस्ता भुलली त?" म्हणायची. तिचं डोकं शाबूत होतं हो! गल्लीतल्या सगळ्या पोरांचे वाढदिवस तिला पाठ होते. हे मी बघत होतो, आणि गप्प होतो.

मग एक दिवस चप्पल घालताना ऐकलं. ती मंजूला सांगत होती, माझा फोन नंबर एका कागदावर लिहून बटव्यात ठेवून दे. "कुठी हरवली त कोनी आनून सोडन."

त्याच रविवारी नागपूरहून मासे पाळणारी मंडळी आली. भंडारा जिल्ह्यात मोरे ईल जगते हे त्यांना खरं वाटत नव्हतं. हळदीनं माझ्या हातातून झिंगा घेतला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी विचारलं, पहिली कशी गेली? आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, तिचं ते वाक्य तयारच होतं. मी म्हणालो, "माझ्यामुळे. आईनं गोटा ठेवला होता. संध्याकाळी मी काढला आणि परत ठेवला नाही."

आईनं ट्रे टेबलावर आदळला. "मंग मीनं ठेवला होता?"

"ठेवला होतास."

"मंग माहं डोस्कं ठीक हाये?"

"ठीक आहे, आई."

काय सांगू तुम्हाला! तिनं टाळी वाजवली, नागपूरच्या प्रत्येक माणसापुढे जाऊन उभी राहिली. "आयकलं? ठेवला होता मीनं!" अनोळखी लोक, पण सगळे हसत होते, आणि या वेळी तिच्या बाजूनं. माझ्या समुद्राला कधी मिळाल्या नाहीत इतक्या टाळ्या तिला मिळाल्या. मंजूनं न मागता किल्ली आणून तिच्या हातावर ठेवली.

पाहुणे गेल्यावर आई माझ्याजवळ आली. एकच विचारलं, "तुले कवा मालूम झालं?"

"त्याच सकाळी. गोटा दिसला तेव्हाच."

ती आत गेली. दुसऱ्या दिवशी बटव्यातला कागद फाडून चुलीत टाकला आणि एकटी एस्टीत बसली. दोन दिवसांनी आंबागडहून परतली तेव्हा तांदळाची थैली काखेत आणि मान अशी ताठ, जशी निवडणूक जिंकून आली. तिथं प्रत्येक दारात तिनं सांगितलं होतं की गोटा पोरगा विसरला, मी नाही. विसरला, एवढंच. पोराला त्याच सकाळी ठाऊक होतं, हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. तेच ते उरलेलं अर्धं. ते आता तुम्हाला कळलं.

हळदी मजेत आहे. दुपारी मी जेवायला घरी येतो तेव्हा आई झाकण उघडते, झिंगा देते, तिच्याशी बोलते, झाकण लावते. मग गोटा झाकणावर ठण्णकन वाजतो आणि माझं ताट समोर असताना ती मोठ्यानं म्हणते, "ठेवला बरं का! पाहून घे."

मी खरकट्या हातानं उठतो, टाकीजवळ जातो आणि बघतो. ठेवलेला असतो.